शेजाऱ्याचं नाव यादीतून काढा

कार्डावर पाच नावं होती. तिसरं नाव काकांचं.

कार्ड माझंच होतं, अक्षरही माझंच. ड्रायव्हरच्या डोक्यावर ऊन अडवायला जी घडीची फळी असते, तिच्या मागे मी ते दोन महिन्यांपूर्वी खोचलं होतं आणि विसरून गेलो होतो. वर चर्चने छापलेली ओळ होती : 'ज्यांना मी प्रभूकडे आणू इच्छितो.' खाली पाच रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे तीन चौकोन. प्रार्थना केली. संभाषण झालं. आमंत्रण दिलं. काकांच्या नावापुढचे पहिले दोन चौकोन मी टिक करून ठेवले होते.

काका पेन्सिल शोधत होते. त्यांनी फळी खाली ओढली आणि कार्ड त्यांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते वाचलं. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचलं. होतं तिथे नीट परत खोचलं, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "म्हणजे मी तिसरा." एवढं बोलून ते अंगण ओलांडून आपल्या घरी गेले.

पुढचे सोळा दिवस ते आले नाहीत.

मी ख्रिस्ती आहे. नगरचा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण घरी अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही.) चौथी पिढी. सुवार्ता सांगू नये असं माझं म्हणणं नाही, उलट सांगावी असंच आहे. पण माणसांच्या याद्या करून, त्यांच्यापुढे चौकोन आखून, मैत्रीला लीड आणि चहाला फॉलो-अप समजून जी सांगितली जाते, ती सुवार्ता नाही. ती सेल्स आहे आणि ती बंद झाली पाहिजे. आणि हे म्हणताना मला माझ्या त्या मित्रांच्या टाळ्या नकोत, ज्यांना ख्रिस्ती माणसाने तोंड उघडलं की लगेच आमिषाचा वास येतो. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ते पुढे येईलच.

आधी गाडीबद्दल.

मी इंडियानात राहतो, फोर्ट वेनला. या शहराचं टोपणनावच 'चर्चेसचं शहर' आहे. इथून वायव्येला दीडेक तासावर एल्कहार्ट. अमेरिकेतल्या मोटरहोमचा फार मोठा हिस्सा त्या भागात बनतो. त्यांचं तिथे म्युझियमही आहे. त्यामुळे आमच्याकडे दर दुसऱ्या घरामागे ताडपत्री टाकलेलं एक धूड उभं असतं. गेल्या सप्टेंबरात मी असंच एक धूड साडेसहा हजार डॉलरला घेतलं. १९९७ चं मॉडेल, सव्वीस फूट लांब, पुढे ट्रकची केबिन, मागे घर आणि केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा. याला इथे क्लास सी म्हणतात. आत शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याच्या टाक्या, सगळं. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला चाकांवरचं घर घ्यावंसं का वाटतं, यावर वेगळा लेख होईल.

विकणाऱ्याने आतून नवीन वॉलपेपर लावला होता. भिंतींना पांढराशुभ्र, कोपऱ्यात लाकडी पट्ट्या. मी यूट्यूबवर चाळीसेक व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे मला आपण तज्ज्ञ झालो असं वाटत होतं. इंजिन ऐकलं, टायर पाहिले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. माझ्यावर ३११४ होतं, म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. नक्षी कोरी, रबर म्हातारं. तेवढं पकडल्याच्या आनंदात मी किमतीत आठशे डॉलर कमी करून घेतले आणि वॉलपेपरला हात लावून बघायचं विसरलो.

काकांनी पहिल्याच दिवशी हात लावला. इंग्रजीत मी त्यांना नावाने हाक मारतो. मराठीत लिहिताना सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं नुसतं नाव घेणं जमत नाही, म्हणून काका. आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेले. कुंपणापलीकडून महिनाभर माझी धडपड बघत होते, शेवटी न राहवून आले. माळ्यावर चढले, तळहात भिंतीवर ठेवून दाबला आणि तळहात आत गेला. ब्रेडमध्ये जावा तसा.

वॉलपेपर सोलला. मागचं प्लायवुड काळं, त्यामागचा फोम ओला आणि ज्या पाइनच्या दीड-दीड इंची पट्ट्यांवर अख्खा माळा उभा होता, त्या हाताने चुरत होत्या. छपरावर रबराचं कातडं असतं. ते स्वतः वर्षानुवर्षं टिकतं, पण त्यात जिथे जिथे भोक पाडलेलं असतं, म्हणजे पंखा, अँटेना, कडेचे दिवे, तिथलं सीलंट उन्हाथंडीने तडकतं आणि पाणी आत शिरतं. हे पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. डाग जेवणाच्या टेबलावर होता, पण गळत होतं पार पुढे, माळ्याच्या नाकावरच्या दिव्याच्या स्क्रूमधून. मधला आठ-दहा फुटांचा प्रवास पाण्याने भिंतीच्या आतून केला होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. एरर जिथे दिसतो तिथे बग नसतो. तरी मी चार दिवस टेबलावरचंच छत खरवडत बसलो होतो.

आता इथे एक रूपक अगदी ताटात वाढून ठेवलंय, मला दिसतंय. पाळकांच्या हाती ही गाडी लागली असती तर रविवारी वीस मिनिटांचा संदेश झाला असता : वरून वॉलपेपर, आतून कुजकं, आणि तो सुतार जो सगळं नवीन करतो. मी ते करणार नाही. गाडी ही गाडी आहे. उलट माझ्या धर्मबंधूंची अडचणच ही आहे की त्यांना कुठलीच गोष्ट ती आहे तशी ठेवता येत नाही. गाडी दिसली की दृष्टान्त, आजारपण दिसलं की साक्ष, शेजारी दिसला की कार्यक्षेत्र.

चर्चमधल्या आमच्या छोट्या गटात गाडीची बातमी पोचली तेव्हा पहिला प्रश्न ती कुठे जाणार हा नव्हता. "आउटरीचला वापरता येईल का?" हा होता. एकाने तर लोगोचं डिझाइनसुद्धा पाठवलं. गटात दर बुधवारी कार्डाचा आढावा व्हायचा. कोणी बोललं? कुठपर्यंत आलं? प्रशिक्षणाच्या दोन शनिवारी आम्हाला शिकवलं होतं की समोरच्याच्या आवडीच्या विषयात खरा रस घ्या. 'खरा' हा शब्द अधोरेखित होता. तो बोलायला लागला की त्याच्या आयुष्यातलं दुखरं ठिकाण शोधा. तिथे आपली गोष्ट जोडा. तीन मिनिटांत बसेल अशी. आधी मी कसा होतो, मग येशू भेटला, आता मी कसा आहे. मी प्रॉडक्ट कंपनीत काम करतो. ही स्लाइड मी याआधीही पाहिली होती, फक्त तिथे तिला 'कस्टमर जर्नी' म्हणतात.

हा प्रकार आमच्याच चर्चचा नाही. अमेरिकेत अशी पत्रकं मिळतात जी घडी घातल्यावर हुबेहूब वीस डॉलरची नोट दिसतात. हॉटेलात जेवून झालं की वेटरसाठी बशीखाली ठेवायची. तासाला दोन-तीन डॉलर मूळ पगारावर आणि बाकी टिपांवर जगणारी एखादी पोरगी ती उचलते, उलगडते आणि आत लिहिलेलं असतं की पैशापेक्षा मोठी गोष्ट तुझी वाट पाहते आहे. ही पत्रकं छापणाऱ्याला मला एकदाच विचारायचं आहे की ज्या बातमीची सुरुवात खोट्या नोटेने होते, ती कोणी खरी का मानावी?

त्या सोळा दिवसांत मी शुभवर्तमानं पुन्हा वाचली. विश्वासाने नाही, थोडा चिडून, पुरावा गोळा करायला. श्रीमंत तरुण येतो, प्रश्न विचारतो, उत्तर ऐकून खिन्न होतो आणि निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही, सवलतीचा हप्ता सांगत नाही. मार्क लिहितो की त्याने त्याच्यावर प्रीती केली, आणि तरी जाऊ दिलं. दहा कुष्ठरोगी बरे होतात, एक परत येतो. दहा टक्के. आमच्या बुधवारच्या आढाव्यात येशूला परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर टाकलं असतं. पौल करिंथला गेला तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्लाकडे राहून तंबू बनवायचा, कारण धंदा एकच होता. आपलं पोट आपण भरायचं, म्हणजे हा पैशासाठी बोलतोय असं कुणी म्हणू नये. आजही मिशनच्या भाषेत नोकरी करत धर्मकार्य करणाऱ्याला 'टेंटमेकर' म्हणतात. पण या शब्दाचा अर्थ हळूहळू उलटा झालाय. नोकरी हा आता मुखवटा, आतमध्ये खरं काम वेगळंच. पौलाचा तंबू मुखवटा नव्हता. तो गळत असता तर गिऱ्हाइकाने परत आणून तोंडावर मारला असता.

आता दुसरी बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती मांडणारी माणसं वाईट नाहीत. मी गटात कार्ड परत दिलं तेव्हा एक ताई शांतपणे म्हणाल्या, "तुला जर खरंच वाटत असेल की हे सत्य आहे, जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, तर गप्प बसणं हे सभ्यपणा आहे की स्वार्थ?" याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. घर पेटलं असेल तर आपण दार ठोठावतो, परवानगी मागत नाही, हे खरंच आहे. पण दार ठोठावणारा माणूस मी वीज मंडळातून आलोय असं सांगत नाही. घाई खोटेपणाचा परवाना देत नाही. आणि ज्याचं घर पेटलंय असं मी मानतो, त्याच्यासोबत मी तीन शनिवार छपराचं रबर कापत बसलो होतो आणि मला त्या घराची नाही, चौकोनाची चिंता होती.

गप्प राहण्याचा एक थोर नमुना माझ्या जवळपासच आहे. एल्कहार्ट आणि लाग्रेंज परगण्यांत आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. घोड्याची बग्गी, साधे कपडे, स्वतःची मोटार ठेवायची नाही. आणि गंमत अशी की मोटरहोमच्या कारखान्यांत हेच लोक मोठ्या संख्येने काम करतात. कामावर येतात सायकलने किंवा दुसऱ्याने चालवलेल्या व्हॅनमधून. माझ्या गाडीच्या भिंतीतल्या त्या पट्ट्या कुणा आमिश माणसानेच ठोकल्या असण्याची बरीच शक्यता आहे. हे लोक धर्मप्रसार करत नाहीत. दारावर येत नाहीत, पत्रकं वाटत नाहीत. आणि २ ऑक्टोबर २००६ ला पेनसिल्व्हेनियात निकेल माइन्सच्या त्यांच्या शाळेत एका माणसाने शिरून गोळ्या झाडल्या, पाच मुली मेल्या, तेव्हा हे लोक त्या मारणाऱ्याच्या घरी त्याच्या बायकोचं सांत्वन करायला गेले. त्याच्या दफनालाही हजर राहिले. सगळ्या जगाने ते पाहिलं. कुठल्याही तीन मिनिटांच्या साक्षीने जे झालं नसतं ते त्या एका वागण्याने झालं.

तरीही मला तो मार्ग पुरेसा वाटत नाही. एक कारण म्हणजे मी तेवढा चांगला माणूस नाही. माझ्या वागण्याकडे बघून कुणी ख्रिस्ती होईल ही शक्यता कमी आणि उलटं होण्याची जास्त. दुसरं कारण आपल्याकडचं आहे. बोलल्यामुळे घडलेली एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ती मी गमावू इच्छित नाही.

नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन माणूस भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या काव्यावर. त्या माणसाला संस्कृत साहित्यात रस होता, टिळक कवी. धर्माचा विषय नंतर निघाला. उतरण्याआधी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं काहीसं म्हणाला. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून त्यांनी वाचलं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला.

चर्चमध्ये ही गोष्ट सांगतात तेव्हा जोर भविष्यवाणीवर असतो. मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच आहे. तो माणूस आपल्या स्टेशनवर उतरून गेला. त्याचं नावसुद्धा टिळकांना कळलं नाही. ना पत्ता, ना पाठपुरावा, ना कुठल्या अहवालात टिक. नंतर काय झालं हे त्याला कधी कळलं असेल की नाही, देव जाणे. आणि पुढे स्वतः टिळकांच्या घरात काय झालं? लक्ष्मीबाई नवऱ्यामागून लगेच गेल्या नाहीत. ताटातूट झाली, माहेर-सासर हादरलं, त्या आपल्या सोवळ्याओवळ्याला धरून राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या पाच वर्षांत त्यांनी आपला आपण विचार केला, जात आपली आपण सोडली, आणि तो प्रवास 'स्मृतिचित्रे'त त्यांनी असा लिहिलाय की त्यात प्रचाराचा सूर शोधून सापडत नाही, हसू मात्र पानोपानी सापडतं. पंडिता रमाबाईंचं तर याहून कडक. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि ज्यांनी आसरा दिला त्याच भगिनींशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या की मला पटेल तेवढंच मानीन. आपल्याकडची मोठी ख्रिस्ती माणसं कुणाच्या कार्डावरच्या रेघेत मावणारी नव्हती.

आता माझ्या मित्रांकडे वळतो. इंजिनिअरिंगला पुण्यात होतो. दुसऱ्या वर्षी मेसमध्ये माझ्या आडनावावरून विषय निघाला आणि एकाने हसत विचारलं, "तुझ्या आजोबांना किती मिळाले रे?" त्याने ते दुष्टपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की अशी काहीतरी रक्कम असते, रेट कार्ड असतं. बाटगा हा शब्द त्याने उच्चारला नाही, पण तो टेबलावर होताच, लोणच्याच्या बरणीशेजारी.

त्याला तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देतो. काय मिळालं? माझे पणजोबा महार होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत कोण हे ठरलं, तेव्हा तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्त्यांना आजही नाही. म्हणजे जातीमुळे जे सोसायचं ते गावाने सोसायला लावलंच, आणि त्याची जी थोडी भरपाई मिळाली असती ती धर्म बदलल्यामुळे गेली. आमिष म्हणायचं तर फार तोट्याचं आमिष होतं हे. आणि समजा नसतं तोट्याचं. समजा दुष्काळात मिशनच्या आवारात धान्य मिळालं, पोराला शाळा मिळाली आणि म्हणून पणजोबा तिथे गेले. मग? मी डॉलरसाठी देश सोडला तर ते करिअर. त्यांनी पाणवठ्यावर कुणी हाड् म्हणू नये म्हणून देव बदलला तर ते आमिष. गरीब माणसाचा निर्णय नेहमी पोटातूनच आलेला असतो आणि आपला मात्र डोक्यातून, असं का?

घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क लिहिलेला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालावर ख्रिस्ती मंडळींत अजून नाराजी आहे. मी अल्पमतात आहे, पण मला त्यातलं एक वाक्यरचनेचं सत्य पटतं : धर्मांतर 'करणं' हे सकर्मक क्रियापद असता कामा नये. कोणी कुणाला करू नये. मात्र होणाऱ्याला होऊ द्यावं, आणि त्याने कुठे अर्ज करून कारणं द्यावीत असा कायदा हा होऊ न देण्याचाच प्रकार आहे. मी होणाऱ्याच्या बाजूने आहे. पणजोबांच्या.

पण इथेच माझा घास अडकतो. नगरला आलेलं अमेरिकन मिशन बॉस्टनच्या बोर्डाचं होतं. १८१३ मध्ये मुंबई, १८३१ मध्ये नगर. मिशनरी तिकडे वार्षिक अहवाल पाठवत आणि त्यात आकडे असत : मंडळ्या किती, शाळा किती, यंदा नव्याने सामील झालेले किती. त्यातल्या कुठल्यातरी वर्षी पणजोबा एक होते. नाव नाही, आकडा. तो आकडा वाचून मॅसॅच्युसेट्समधल्या कुणा भल्या बाईने दानपेटीत आणखी एक डॉलर टाकला असेल, आणि त्या डॉलरातून माझी आजी शिकली असेल, नर्स झाली असेल. मी ते नाकारत नाही. त्या माणसांनी आमच्यासाठी जे केलं ते शेजारच्या वाड्यातल्या कुणी केलं नव्हतं. पण आजी तिच्या बालपणाबद्दल बोलताना एक गोष्ट नेहमी सांगायची. पाहुणे साहेब आले की मुलांना एका रांगेत उभं करून मोजायचे, आणि मोजताना त्यांचं बोट डोक्यावर यायचं ते तिला आवडायचं नाही.

ते बोट मी काकांच्या डोक्यावर ठेवलं होतं. कितीतरी वर्षांनी, उलट्या दिशेने, अमेरिकेत येऊन.

सतराव्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. माफी मागितली. मराठी माणूस इंग्रजीत माफी मागतो तशी, तीन-तीनदा. त्यांनी आत बोलावलं आणि कॉफी दिली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी दोन महिन्यांत विचारलंच नव्हतं, आणि तरी 'संभाषण झालं' वर टिक केली होती.

त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी कर्करोगाने गेली. त्यांचं तेव्हा एक चर्च होतं. लोक फार चांगले, पाच महिने पाळीपाळीने जेवणाचे डबे आणायचे. ती गेली. दफनाच्या दिवशी पाळकांनी तिच्याबद्दल दहा मिनिटं सांगितलं आणि मग म्हणाले, आज इथे कोणी असं आहे का ज्याची अजून खात्री नाही? डोळे मिटा आणि हात वर करा. काका म्हणाले, "मी डोळे उघडे ठेवले. ते शवपेटीच्या शेजारी उभे राहून हात मोजत होते." त्यानंतर ते कुठल्याच चर्चमध्ये गेले नाहीत. "मला तुमच्या देवाशी भांडण नाही," ते म्हणाले. "मला मोजून घ्यायचं नाही."

मला तिथे शिकवल्याप्रमाणे बोलता आलं असतं. दुखरं ठिकाण सापडलं होतं ना. मी कॉफी पीत राहिलो.

ते पुन्हा यायला लागले. आम्ही माळ्याचा सगळा सांगाडा काढला, नव्या पट्ट्या लावल्या, फोम कापला, प्लाय चिकटवलं. दिव्यांच्या मागे ब्युटाइल टेप घातली, वर सीलंट ओतलं. थंडी पडायच्या आत पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवलं, नाहीतर गोठून फुटतात. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर हॅलोजनच्या उजेडात काम चालू होतं. काकांनी मान वर न करता विचारलं, "तू का मानतोस अजून?"

विचारलं होतं. पेत्राच्या पत्रात म्हटलंय की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असा. विचारलं तर. प्रशिक्षणात या वचनाचा 'तयार असा' एवढाच भाग पडद्यावर होता.

माझी तीन मिनिटांची गोष्ट पाठ होती. ती मी सांगितली नाही, कारण ती खरी नाही. म्हणजे खोटीही नाही, पण तिच्यावर वॉलपेपर आहे. (घ्या, आलंच शेवटी रूपक.) मी त्यांना सांगितलं की २०२१ च्या एप्रिलमध्ये पप्पा नगरला ऑक्सिजनच्या बेडची वाट बघत गेले. मी इथे होतो. आठ दिवस मी गुडघे टेकून प्रार्थना केली, अख्ख्या मंडळीने केली, आणि काहीही झालं नाही. दफन व्हॉट्सॲपच्या व्हिडिओवर पाहिलं, तेही मध्ये तीनदा तुटलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी प्रार्थना केली नाही. मग एका रविवारी, कुठलंही कारण नसताना, भांडी घासताना आजीचं एक भजन तोंडात आलं आणि मी ते शेवटपर्यंत म्हटलं. एवढंच. उत्तर मिळालेलं नाही. पप्पांना का नेलं हे मला अजून कळलेलं नाही, आणि वर गेल्यावर मी विचारणार आहे. पण कोणाला विचारायचं हे मला ठाऊक आहे असं मला वाटतं. मानतो म्हणजे मी एवढंच मानतो, बाकीचं बरंचसं सवयीने.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दहा नंबरचा सॉकेट दे." मी दिला.

या संभाषणाची नोंद कुठेही झाली नाही. बुधवारच्या गटात मी अजून जातो. ताई आणि मी अजून वाद घालतो, आणि त्या आता माझ्या बाजूला बसून घालतात ही प्रगती म्हणायची. कार्डं वाटणं चालूच आहे. माझ्या जागेवर ठेवलेलं मी दर वेळी कोरं परत करतो.

गेल्या शनिवारी छपराची परीक्षा होती. काकांनी शिडीवर चढून बागेची नळी माळ्याच्या नाकावर बांधली आणि नळ पूर्ण सोडला. तासभर तरी सोडायला हवा, ते म्हणाले, पाणी आळशी असतं. आम्ही आत जाऊन माळ्यावर पालथे पडलो, एकेक टॉर्च घेऊन, नव्या प्लायवुडला नाक लावून. वर पाऊस पडल्यासारखा आवाज. काकांनी उजवा कोपरा घेतला, मी डावा. वीस मिनिटं झाली, कोरडं होतं. चाळिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "इकडे ये जरा. हे ओलं आहे की माझा हात ओला आहे?"